मागच्या सीटवरचा समुद्र

शनिवारी सकाळी अलिबागला निघालेल्या गाड्या सोमाटणे फाट्यावर तुंबतात, तेव्हा एखाद्या गाडीत 'सागरा प्राण तळमळला' लागलेले असते. मागच्या सीटवरून पोर विचारते, "हे कुठं लिहिलं?" आई म्हणते, "अंदमानात." बाबा दुरुस्ती करतात, "छे, मार्सेलिसला. बोटीतून उडी मारली ना, तेव्हा!" टोलनाका येईपर्यंत वाद मिटत नाही.

सावरकरांनी ही कविता केली १९०९ साली, इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर. सोबत होते बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन. ही हकीकत निरंजन यांनीच पुढे लिहून ठेवली. मार्सेलिसची उडी ८ जुलै १९१० ची, अंदमान त्याच्याही पुढचे, १९११ चे. म्हणजे कविता सुचली तेव्हा कवीच्या हातात बेडी नव्हती. ती वाचकांनी घातली.

त्यात वाचकांचा फार दोष नाही. घाटावरच्या माणसाच्या लेखी समुद्र म्हणजे एक तर सहल, नाही तर काळे पाणी. इथल्या पवना नदीचे पाणीसुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. अंदमान त्याच बाजूला!

पण बेडी घातली की कविता लहान होते. कैद्याला घर आठवणारच, त्यात नवल ते काय? ब्रायटन म्हणजे लंडनकरांचे अलिबाग. सुट्टीला आलेली माणसे, वारा, लाटा, आणि त्यांत एक मोकळा माणूस, ज्याला घरी मात्र जाता येत नाही. ही तळमळ कोठडीतल्या तळमळीहून अवघड आहे, आणि ती कळायला इतिहासाची प्रश्नपत्रिका सोडवावी लागत नाही.

बरे, त्या वर्षी कवितेचे सर्वांत बारकाईने वाचन कोणी केले असेल, तर ते इंग्रज सरकारने. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना १९०९ मध्येच जन्मठेप झाली, तीही काही दुसऱ्या कविता छापल्याबद्दल. त्या कवितांत नावे देवांची आणि शिवाजी महाराजांची होती. रोख राज्यकर्त्यांवर आहे, असा अर्थ कोर्टाने लावला. अर्थ बरोबर होता, हीच पंचाईत. कवितेचा एवढा चोख रसग्रहणकार आपल्या विद्यापीठांनाही सहसा लाभत नाही. त्याच्या हाती शिक्षेचा अधिकार होता, एवढीच अडचण.

गाडीतल्यांच्या हाती तसे काही नाही. त्यांनी अंदमान म्हणावे, मार्सेलिस म्हणावे, कोणाचे काही बिघडत नाही. एव्हाना गाडी वडगावच्या पुढे गेलेली असते. गाणे बदललेले असते. पोराचा नवा प्रश्न असतो, "समुद्र यायला अजून किती वेळ?" आणि ह्या एका प्रश्नावर मात्र आई-बाबांचे एकमत असते: "झोप तू."