जनगणनेतील ‘हिस्पॅनिक’ म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत २०२० साली झालेल्या जनगणनेत ‘हिस्पॅनिक’ म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणाऱ्या नागरिकांची व रहिवाशांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण १८.७ टक्के. मात्र याच जनगणनेत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आपण हिस्पॅनिक असून फक्त गौरवर्णीय आहोत, असे सांगणाऱ्यांची संख्या २०१० मध्ये २ कोटी ६७ लाख होती. ती दहा वर्षांत १ कोटी २६ लाखांवर आली. उलट एकाहून अधिक वंश नोंदविणारे हिस्पॅनिक ३० लाखांवरून २ कोटींच्या पुढे गेले. माणसे फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती प्रामुख्याने प्रश्नाची मांडणी आणि उत्तरे नोंदविण्याची पद्धत.

या घोळाचे मूळ सरकारी व्याख्येत आहे. ‘हिस्पॅनिक’ हा वंश नसून मूळ आहे, अशी अमेरिकी सरकारची दीर्घकाळ भूमिका राहिली. त्यामुळे अर्जात दोन प्रश्न येत. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक आहात काय? दुसरा, तुमचा वंश कोणता? मेक्सिकोहून आलेले कुटुंब पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणे आणि दुसऱ्याशी अडखळे. गोरा, काळा, आशियाई, मूळ अमेरिकी यांपैकी कोणताच रकाना त्यांना आपला वाटत नसे. मग ‘अन्य वंश’ या रकान्यावर खूण होई. २०२० मध्ये ४२ टक्के हिस्पॅनिकांनी केवळ हाच पर्याय निवडला.

रकान्यांचा इतिहास

१९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश मानला गेला होता. मेक्सिकोचे सरकार व अमेरिकेतील मेक्सिकन समाज यांनी विरोध केल्यावर १९४० मध्ये तो रकाना गेला. १९७० मध्ये निवडक घरांना मूळ विचारले गेले. त्यात ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकी’ असा पर्याय होता. अमेरिकेच्याच मध्य व दक्षिण भागांत राहणाऱ्या अनेकांनी त्यावर खूण केली! १९७६ मध्ये संसदेने स्पॅनिश मूळ असलेल्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला, १९७७ मध्ये सरकारने व्याख्या निश्चित केली आणि १९८० पासून हा प्रश्न प्रत्येक घराला विचारला जाऊ लागला.

भारतीयांनाही या रकान्यांचा अनुभव आहे. १९२० ते १९४० या काळात भारतातून आलेल्यांची नोंद, धर्म कोणताही असो, ‘हिंदू’ या वंशाखाली होई. १९७० मध्ये त्यांना गौरवर्णीयांत धरले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र पर्याय मिळाला.

आकड्यांमागचे राजकारण

हा वाद केवळ नावाचा नाही. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांचे राज्यांत वाटप जनगणनेच्या आधारे होते. मतदारसंघांच्या सीमा, केंद्रीय निधी आणि मतदान हक्क कायद्यानुसार अल्पसंख्याकांना मिळणारे संरक्षणही याच आकड्यांवर अवलंबून असते. म्हणूनच मोजणीतील चूक महाग पडते. जनगणना विभागाच्याच पडताळणीनुसार २०२० मध्ये हिस्पॅनिकांची मोजणी सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाली. ढोबळ हिशेबाने हे तीस लाखांहून अधिक लोक होतात. २०१० मध्ये ही तूट दीड टक्का होती. एका घरात अनेक कुटुंबे, नोंदीतून सुटणारी लहान मुले, भाषेची अडचण आणि सरकारी कर्मचाऱ्याची भीती ही अशा तुटीची नेहमीची कारणे. त्यातच ‘तुम्ही नागरिक आहात काय’ हा प्रश्न घालण्याचा ट्रम्प प्रशासनाचा प्रयत्न जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला, तरी भीती मागे उरलीच.

मार्च २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने दोन प्रश्नांऐवजी एकच प्रश्न ठेवण्याचे ठरविले. त्यात हिस्पॅनिक हा अन्य वंशांच्या बरोबरीचा पर्याय असेल आणि एकाहून अधिक खुणा करता येतील. २०३० ची जनगणना समोर ठेवून हा बदल झाला. यामुळे ‘अन्य वंश’ची गर्दी ओसरेल; पण आफ्रिकी वंशाचे हिस्पॅनिक एकच खूण करून थांबले, तर कृष्णवर्णीयांच्या आकड्यातून निसटतील, असा आक्षेप आहे. दुसरीकडे, बेकायदा स्थलांतरितांना वगळणाऱ्या नव्या जनगणनेचे आदेश दिल्याचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत मात्र जागावाटपासाठी नागरिकांची नव्हे, तर राज्यातील एकूण ‘व्यक्तीं’ची गणना सांगितली आहे.

भारतातही २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय झाला आहे. अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका ठरावा. जनगणना समाजाचा आरसा आहे असे म्हटले जाते; पण त्या आरशात कोण दिसणार आणि कोणत्या नावाने दिसणार, हे अर्ज छापणारा आधीच ठरवीत असतो. म्हणून आकडे जाहीर झाल्यावर वाद घालण्यापेक्षा रकाने ठरत असतानाच ते तपासणे अधिक शहाणपणाचे.