केरसुणी आणि यंत्रमानव

वैशाख लागला की खानदेशात धुळीचे राज्य सुरू होते. पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो, नांगरून पडलेल्या काळ्या रानांवरून वारा सुटतो आणि सकाळी लख्ख झाडलेली फरशी संध्याकाळी पुन्हा पावलांचे ठसे दाखवू लागते. जळगाव-धुळ्याच्या गृहिणीला दिवसातून दोनदा केर काढणे कधी चुकले नाही. अशा घरांतून आता केरसुणीच्या शेजारी एक चपटे, गोल यंत्र येऊन बसू लागले आहे. मुलगा-सून पुण्यात किंवा परदेशात, आणि देवपुरात वा रिंग रोडवरच्या घरात गुडघे धरून उठणारे आई-वडील. अशा घरी ते बहुधा मुलाची भेट म्हणून येते. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही आणि त्यावर भाळून जाण्याचेही नाही. ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे पाहणे अधिक हिताचे.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने 2001 मध्ये पहिला यंत्रमानव-झाडू बाजारात आणला. पाठोपाठ 2002 मध्ये अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीचा ‘रुंबा’ आला आणि जगभर गाजला. आरंभीची ही यंत्रे आंधळ्या कोशिंबिरीतील गड्यासारखी भिंतीवर आपटत, वळत आणि पुन्हा चालू लागत. आजची यंत्रे लेसरच्या किरणांनी अंतरे मोजून खोल्यांचा नकाशा तयार करतात, शेतात तास धरावे तशी सरळ ओळीने फिरतात, जिन्याची कड दिसताच थबकतात आणि विजेचा साठा संपत आला की आपल्या ठाण्यावर परततात. बाजूचा फिरता कुंचला कडेचा केर मध्यावर ओढतो, मधली दंडगोल ब्रशी तो उचलते, पंखा आत खेचतो. काही यंत्रे मागे ओले फडकेही ओढतात. पलंगाखालची आणि दिवाणाखालची धूळ, जी काढायला वाकावे नव्हे तर आडवे व्हावे लागते, ती निघते, हा या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार होय. मात्र दिवाण जमिनीपासून चार बोटे उंच असून भागत नाही. यंत्राची उंचीच सुमारे दहा सेंटीमीटर असते.

तथापि जाहिरातीतील घर आणि खानदेशातील घर एक नव्हे. जुन्या घरांना उंबरा असतो. दोनेक सेंटीमीटरहून उंच उंबरा बहुतेक यंत्रांना ओलांडता येत नाही. उन्हाळ्यात कूलरची वायर खोलीभर पसरलेली असते, सतरंजीच्या दशा ब्रशीत गुंततात, काळ्याभोर कडप्प्याला काही यंत्रे खड्डा समजून मागे फिरतात. अंगण आणि ओटा तर त्यांच्या हिशेबातच नाहीत. त्यात आपली धूळ बारीक आणि अमाप. केराचा डबा इवलासा, तो लवकर भरतो. गाळणी तुंबते आणि ओढ मंदावते. डबा रिकामा करणे, गाळणी झटकणे, ब्रशीला वेटाळलेले केस कात्रीने कापणे ही कामे माणसालाच करावी लागतात. ज्या आजींचे गुडघे वाचावेत म्हणून यंत्र आले, त्यांनाच ते उलटे करून साफ करावे लागले, तर भेटीचा हेतू अर्धाच साधला म्हणायचा.

दुसरा प्रश्न नकाशाचा आहे. घरात किती खोल्या, पलंग कुठे, दार कुठे, हे यंत्राला कळते. काही यंत्रांना तर कॅमेराही असतो. चाचणीसाठी दिलेल्या यंत्रांनी घराच्या आत टिपलेली खासगी छायाचित्रे बाहेर पसरल्याचे 2022 मध्ये उघड झाले होते. या धंद्याची सूत्रे आज मुख्यतः चिनी कंपन्यांच्या हाती आहेत. ‘रुंबा’ची जनक आयरोबोटदेखील डिसेंबर 2025 मध्ये दिवाळखोरीच्या अर्जाला लागली आणि तिची यंत्रे बनवणाऱ्या चिनी कंपनीकडे जाण्याची वेळ तिच्यावर आली. आपल्या उंबऱ्याला, आपल्या धुळीला आणि आपल्या खिशाला मानवेल असे यंत्र येथेच घडावे आणि घराचा नकाशा घरातच राहावा, ही अपेक्षा म्हणूनच अवास्तव नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि त्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते. केर-फरशी करणाऱ्या बाईचे काय? चार घरची कामे करून जी आपल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवते, तिच्या एका घराचा पगार हे यंत्र सहज गिळू शकते. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला. पण भरपगारी सुट्टी आणि आजारपणातील आधार या गोष्टी अजून बहुतेक ठिकाणी मालकिणीच्या मर्जीवरच आहेत. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहणारा आपला समाज ती केरसुणी वर्षभर हाती धरणाऱ्या बाईला मात्र चहाचा कप वेगळा ठेवतो. गाडगेबाबांनी गावोगाव स्वतः खराटा चालवून हीच विसंगती दाखवून दिली होती. यंत्र आले म्हणून ती आपोआप मिटणार नाही.

वास्तविक उत्तर अवघड नाही. यंत्र बाईच्या जागी नव्हे, बाईच्या हाती द्यावे. रोजचे वाकणे यंत्राने करावे. डबा, गाळणी, कोपरे, ओटा आणि अंगण तिने पाहावे, आणि तिचा पगार मात्र कमी करू नये. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या घरी येणारी ती बाई केवळ केर काढत नसते. दार वेळेवर उघडले नाही तर शेजाऱ्याला हाक मारणारी, औषध घेतले का म्हणून विचारणारी तीच असते. यंत्राला खोलीचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो. पण त्या खोलीत कोणी आजारी पडून आहे, हे त्याला कळत नाही.