प्रवासाला निघताना मोबाईलमध्ये काय असावे?

‘हल्ली प्रवासाचे सारे मोबाईलवर झाले आहे. आम्हा घरच्या बायकांना त्यातले काही कळत नाही. मुलांना विचारले तर ती घाईत असतात. तुम्ही एकदा नीट समजावून सांगा,’ अशा आशयाचे पत्र एका वाचक भगिनीने आम्हाला पाठविले आहे. पत्र वाचून आम्ही थोडे ओशाळलो. कारण परवापरवापर्यंत आमचीही गत वेगळी नव्हती. तिकीट काढणारा आमचा भाचा, गाडीची वेळ सांगणारा भाचा, आणि गाडी कोठे आली हे विचारावयाचे तरी भाच्यालाच.

गेल्या हिवाळ्यात आमची थोरली बहीण, म्हणजे अक्का, हट्टाला पेटली की वेरूळ आणि अजिंठा पाहिल्याखेरीज आता डोळे मिटायचे नाहीत. अक्काचे वय सदुसष्ट, शिक्षण चौथी, गुडघे दुखरे. तेव्हा तिच्या निमित्ताने आम्ही मोबाईल समोर घेऊन बसलो. त्या प्रवासात जे शिकलो तेच येथे सांगतो.

प्रथम वाराची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही जळगावहून जीप करून अजिंठ्याला गेलो होतो तो नेमका सोमवारी. एका प्रवासाच्या संकेतस्थळावर ‘आज उघडे’ असे लिहिलेले आम्ही स्वतः वाचले होते. प्रत्यक्षात अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. जीपचे भाडे गेले आणि मुले हिरमुसली. यंदा सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा बेत केला आणि दोन्ही पाहून झाले. मोबाईलवर दिसते ते सारे खरे मानू नये. पुरातत्त्व खात्याच्या माहितीशी ताडून पाहावे, मगच निघावे.

आता रेल्वे. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली. तिकिटासाठी ‘आयआरसीटीसी रेल कनेक्ट’ हे ॲप आहे. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ‘रेलवन’ नावाचे नवे ॲप काढले. त्यात आरक्षणाचे तिकीट, साधे तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट, गाडीची स्थिती आणि तक्रार असे सारे एकाच ठिकाणी मिळते. नव्याने शिकणाऱ्याने आमच्या मते हेच शिकावे. तत्काळ तिकीट ऑनलाइन काढावयाचे तर खात्याला आधार जोडलेले लागते. ते काम आधी घरी निवांतपणे करून ठेवावे, आदल्या दिवशीच्या धांदलीत ते होत नाही. स्टेशनचे नाव छत्रपती संभाजीनगर असे टाकावे. शहराचे नाव आधीच बदलले होते, स्टेशनचे २०२५ च्या ऑक्टोबरात बदलले. जुना संक्षेप पाठ असलेल्यांनी नवा पाहून घ्यावा.

ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अद्याप परत आलेली नाही. मात्र खालच्या बर्थची सोय आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी वेगळा कोटा असतो. अट अशी की एका तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसे हवीत. भाचा आधी घरातल्या पाचही जणांचे एकच तिकीट काढावयास निघाला होता. तसे केले असते तर या कोट्यातून काही मिळाले नसते, आणि नशिबाने वरचा बर्थ आला असता तर अक्का शिडी कशी चढणार? आम्ही त्याला थांबविले. अक्काचे आणि आमचे तिकीट वेगळे काढले, भाचा, सूनबाई आणि नातीचे वेगळे. दोघांनाही खालचा बर्थ मिळाला. मिळेलच अशी खात्री मात्र कोणी देत नाही.

वेगळ्या तिकिटामुळे डबे वेगळे झाले. रात्री कल्याणला चढताना भाचा एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, आणि आमचे तिकीट कोठे, तर भाच्याच्या मोबाईलमध्ये! टीसी साहेब आले तेव्हा अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. रेल्वेचा तिकिटाचा संदेश आमच्या मोबाईलवर आलेला होता आणि ओळखपत्र जवळ होते म्हणून निभावले. पण त्या पाच मिनिटांत अक्का जे म्हणाली ते आम्ही विसरणार नाही. ‘माझं तिकीट, पैसे माझे, आणि माझ्या हातात काहीच नाही.’

तेव्हा आमचे आग्रहाचे सांगणे असे की तिकीट काढणारा कोणीही असो, ज्याचे तिकीट त्याच्या मोबाईलवर ते पोहोचलेच पाहिजे. ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याच्या पिशवीत कागदावर पीएनआर क्रमांक, डबा, बर्थ आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर असावेत. आधार कार्ड ‘डिजिलॉकर’मध्ये असले तर रेल्वेत ते ओळखपत्र म्हणून चालते, पण त्यातल्या सरकारकडून आलेल्या कागदांच्या विभागातले चालते. आपणच फोटो काढून चढविलेले चालत नाही. हा फरक बारीक वाटतो, पण टीसीसमोर तो मोठा होतो. आणखी एक. ऑनलाइन काढलेले तिकीट आरक्षण तक्ता लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यावर परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही.

पैसे परत येण्यावरून चोरांचेही फावते. ‘रिफंड’साठी म्हणून इंटरनेटवर सापडलेला कोणताही कस्टमर केअर नंबर फिरवू नये. समोरचा गोड बोलून एखादे ॲप उतरवायला सांगतो आणि आपला सारा मोबाईल त्याला त्याच्या पडद्यावर दिसू लागतो. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. रेल्वेची चौकशी आणि तक्रार १३९ वर करावी. फसगत झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करावा.

गाडी कोठे आली हे पाहण्यासाठी ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप आम्हाला सर्वांत आवडले. ते मराठीत चालते. गाडीत बसलेले असताना इंटरनेट नसले तरी मोबाईलच्या टॉवरवरून ते गाडीचे ठिकाण ओळखते. पूर्वी पहाटेचे स्टेशन असले की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. प्रत्येक थांब्यावर खिडकीतून ‘कोणतं स्टेशन आलं हो?’ असे ओरडावे लागे. आता उतरण्याचे स्टेशन टाकून गजर लावता येतो. अक्काला आम्ही तो लावावयास शिकविला. तिने लावलाही, परंतु त्यावर भरवसा नसल्याने ती मनमाडपासून जागीच बसली.

एसटीत स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे, आणि पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण महामंडळाच्या ॲपवर होते. साध्या लाल गाडीची वेळ मात्र आगारातल्या चौकशी खिडकीवरच विचारावी, अजून तरी तीच जास्त खरी असते.

वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास निघाले असता या किल्ल्याच्या दाराशी उतरले होते. प्रवासात धुळीने माखलेले तोंड आणि पाय त्यांच्यापैकी काहींनी तेथल्या हौदाच्या पाण्याने धुतले. एवढ्यावरून जमाव जमला, शिवीगाळ झाली, आणि अखेर आतल्या पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना आत सोडण्यात आले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच लिखाणात १९०१ सालची मसूर स्टेशनची हकीकत आहे. वडिलांकडे निघालेली लहान मुले स्टेशनवर उतरून वाट पाहत राहिली, कारण येत असल्याचे पत्र नोकराने वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. पुढे दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. आम्ही हे जीपमध्ये नातीला सांगत होतो. भाचा पुढून वळून म्हणाला, ‘मामा, आजचा काळ असता तर लोकेशन पाठवलं असतं.’ अक्का म्हणाली, ‘लोकेशन पोचलं असतं रे, पण पाणी कोणी दिलं असतं?’ त्यावर जीपमध्ये कोणी काही बोलले नाही.

तरी लोकेशनची सोय शिकून घ्यावी हे खरेच. व्हॉट्सॲपमध्ये ‘लाइव्ह लोकेशन’ पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास पाठविता येते. एकट्या निघालेल्या मुलीने घरच्या एका माणसाला ते पाठवावे. सगळ्या ग्रुपवर टाकत बसू नये.

नकाशासाठी ‘गूगल मॅप्स’ पुष्कळजण वापरतात, पण तो आधी उतरवून ठेवता येतो हे थोड्यांना ठाऊक असते. घरी असतानाच त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घ्यावा. डोंगरदऱ्यांत रेंज गेली तरी मोटारीचा रस्ता दिसत राहतो. मात्र नकाशावर डोळे मिटून विसंबू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशाच्या मागे गेलेली मोटार रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. रात्रीच्या वेळी अनोळखी रस्त्याने जाताना चहाच्या टपरीवर थांबून विचारण्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात निघणार असाल तर हवामान खात्याचे ‘मौसम’ आणि विजेची सूचना देणारे, पुण्याच्या संस्थेने बनविलेले ‘दामिनी’ ही दोन्ही ॲपे असू द्यावीत.

अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावर ठेवावी लागते, तेथून चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावयाचे. लेण्यांचे तिकीट ऑनलाइन काढले तर त्याचे चित्र मोबाईलमध्ये साठवून ठेवावे, दरीत इंटरनेटची वाट पाहत उभे राहू नये. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. चढण पुष्कळ आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी डोलीवाले असतात. त्यांचे ॲप नाही! भाडे आधी तोंडाने ठरवावे, नोटा जवळ ठेवाव्यात, आणि चार माणसे आपल्याला खांद्यावर घेऊन चढत आहेत याचे भान ठेवून घासाघीस करावी. अक्का डोलीत बसावयास तयार नव्हती. ‘माणसाच्या खांद्यावर मी बसायची नाही,’ म्हणाली. मग दर दहा पायऱ्यांवर थांबत, आमच्या हाताला धरून तीच चढली.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले ते. ‘गूगल ट्रान्सलेट’ नावाचे एक ॲप आहे. त्यात कॅमेरा इंग्रजी मजकुरावर धरला की तो मराठीत दिसतो, आणि आवाजाची खूण दाबली की वाचूनही दाखवितो. मराठी भाषा आधी उतरवून ठेवली की इंटरनेट नसतानाही मजकूर मराठीत दिसतो. भाषा जरा वेडीवाकडी येते, नावांची मोडतोड होते, पण अर्थ लागतो. पहिल्या लेण्याकडे जाण्यापूर्वी अक्का एका सावलीत टेकली. आमच्या हातात इंग्रजी माहितीपुस्तिका होती. नातीने मोबाईल त्यावर धरला आणि आवाज मोठा केला. डोंगरात कोरलेली ही तीस लेणी १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, येथे भिक्खू पावसाळ्यात वास्तव्य करीत, पहिल्या लेण्यात पद्मपाणीचे चित्र आहे, असे तो मोबाईल सांगू लागला. अक्काने तो कानाशी धरला आणि पुस्तिकेची सारी पाने ऐकून घेतली, काही दोनदा. मागचे लोक पुढे गेले. भाचा घड्याळ पाहू लागला, त्याला आम्ही डोळ्याने गप्प केले.

लेण्यांत उजेड फार मंद असतो आणि फ्लॅश मारण्यास मनाई आहे, ती पाळावी. त्या रंगांनी शतकानुशतके तग धरला आहे. अक्का पद्मपाणीसमोर बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘ते हातात कमळ धरलेले, होय ना? मोबाईलनं सांगितलं ते.’

परतीच्या गाडीत तिचे तिकीट तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये होते. सूनबाईने पाठविले होते आणि कसे उघडावयाचे ते दोनदा करून घेतले होते. टीसी आले तेव्हा अक्काने आम्हाला हाताने मागे सारले आणि चष्मा शोधू लागली. चष्मा सापडेपर्यंत टीसी थांबले. आता तिला बोधगयेला जावयाचे आहे. साठ दिवस उलटे मोजून तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने खूण केली आहे, आणि त्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही तिच्याकडे हजर राहावयाचे असा हुकूम आहे.