उशाशीं बसणारे पुढारी

आमच्या एका वृद्ध वाचकभगिनीचें पत्र या महिन्यांत आम्हांस आलें आहे. पत्र खासगी असल्यामुळें नांवगांव देत नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न एकाच घरचा नव्हे, म्हणून त्यांच्या अनुमतीनें तो येथें मांडतों. या आजीबाईंचा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहतो. सोळा वर्षांची नात तेथेंच जन्मली, तेथेंच शिकते. गेल्या वर्षीं शाळेंतील ‘होसा’ नांवाच्या विद्यार्थिसंघटनेच्या शाखेची ती अध्यक्ष निवडून आली. गडद निळा कोट घातलेलें तिचें छायाचित्र आजीबाईंनीं देवघराशेजारीं लावलें आणि शेजारीपाजारीं पेढे वाटले. पुढें नातीचें पत्र आलें. त्यांत तिनें लिहिलें होतें कीं, रोग्यास खाटेवरून न उठवितां त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलावी, हें आम्ही शनिवारचा सारा दिवस शिकलों. आणि मला आतां डॉक्टर नव्हे, परिचारिका व्हावेंसें वाटतें.

तेव्हांपासून त्या घरांत दोन तट पडले आहेत. मुलीचे वडील म्हणतात, “पुढारी म्हणून निवडून आलेली पोर चादरी बदलण्यांत काय म्हणून रमते?” आई मुलीच्या बाजूची आहे. आणि आजीबाई आम्हांस विचारतात, “मीं कोणाच्या बाजूनें बोलावें?”

उत्तर देण्यापूर्वीं ही संस्था काय आहे, तें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील माध्यमिक शाळांतून पुस्तकी विषयांबरोबर व्यवसायशिक्षणाचेही वर्ग असतात. शेतीचे वर्ग घेणाऱ्या मुलांची संघटना तेथें १९२८ पासून आहे. आरोग्यविषयक व्यवसाय शिकणाऱ्या मुलांस मात्र स्वतःचें असें व्यासपीठ नव्हतें. त्याचा विचार करण्यासाठीं १९७५ च्या नोव्हेंबरांत न्यू जर्सींतील चेरी हिल या गांवीं बैठक भरली. आणि १९७६ च्या नोव्हेंबरांत टेक्सस राज्यांतील आर्लिंग्टन येथें सहा राज्यांच्या प्रतिनिधींनीं घटना मंजूर करून संस्था उभी केली. ‘हेल्थ ऑक्युपेशन्स स्टूडंट्स ऑफ अमेरिका’ या मूळ नांवाचीं आद्याक्षरें तेवढीं आज उरलीं असून, त्यांपुढें ‘उद्यांचे आरोग्यव्यावसायिक’ अशा अर्थाचे शब्द जोडले आहेत. हा शब्द मुद्दाम ध्यानांत घ्यावा. यांत डॉक्टर येतो, तशी परिचारिकाही येते. दांतांची निगा राखणारा, प्रयोगशाळेंत रक्त तपासणारा, लुळ्या हातापायांस व्यायाम देणारा, जनावरांचा वैद्य, सगळेच येतात. संस्थेचे रंग तीन आहेत. निळा व्यवसायनिष्ठेचा, पांढरा हेतूच्या शुद्धतेचा आणि काळसर तांबडा करुणेचा.

प्रत्येक शाखेस एक शिक्षक सल्लागार असतो. सभा मात्र मुलेंच चालवितात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हीं पदें मतांनीं भरतात. सभा कशी चालवावी याचीही त्यांच्यांत स्पर्धा असते. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनियरानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेलें सभानियमांचें पुस्तक तेथें प्रमाण मानतात. मूळ ठराव आधीं कीं दुरुस्ती आधीं, चर्चा केव्हां थांबवावी, विरुद्ध मताच्या सभासदास बोलावयास कसें द्यावें, हें पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें तोंडपाठ नव्हे, तर अंगवळणीं पाडून घेतात. आपल्याकडील कित्येक पोक्त संस्थांच्या वार्षिक सभा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या शिक्षणाचें मोल निराळें सांगावयास नको.

दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धा हाताच्या कौशल्याच्या. जून महिन्यांत मोठी वार्षिक परिषद भरते. तेथें राज्याराज्यांतून निवडून आलेलीं मुलें उतरतात. शुश्रूषेच्या स्पर्धेंत खाट असते, रोगी झालेला मनुष्य असतो आणि परीक्षकाच्या हातीं गुणांचा तक्ता असतो. मुलानें हात धुतले काय? रोग्यास स्वतःचें नांव सांगितलें काय? आपण काय करणार आहों, तें त्याला आधीं समजावून दिलें काय? त्याची लाज राखली काय? मग कूस बदलणें, खाटेवरून खुर्चींत बसविणें, नाडी मोजणें. हात कितीही कुशल असला, तरी ते धुवावयाचे राहिले तर त्या पायरीचे गुण गेलेच.

मुलीच्या वडिलांस ज्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात, त्या येथें एकाच ठिकाणीं येतात. एके दिवशीं अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणारें मूल दुसऱ्या दिवशीं खाटेशीं वांकतें. सभेंत ज्याचा आवाज उठत नाहीं, त्याला बोलावयास लावणें हें अध्यक्षाचें काम. अंथरुणावर ज्याला बोलवत नाहीं, त्याचें दुखणें ओळखणें हें परिचारिकेचें काम. दोन्हींस लागणारा गुण आम्हांस तरी एकच दिसतो.

या चित्राला दुसरी बाजू नाहीं असें मात्र नव्हे. तेथील महाविद्यालयें प्रवेश देतांना परीक्षेंतील गुणांबरोबर मुलानें वर्गाबाहेर काय केलें, हेंही पाहतात. त्यामुळें पद मिळवावें, अर्जांत नोंदवावें आणि विसरून जावें, असा हिशेब करणारीं मुलें त्या कोटांतही असणारच. स्नेहसंमेलनाचे चिटणीस झाल्यावर वर्षभरांत एक खुर्चीही न उचलणारे वीर आपल्या परिचयाचे आहेतच. कोट अंगावर आला म्हणजे करुणा मनांत आली, असें होत नाहीं. म्हणून केवळ पदावर हुरळून जाणें हेंही बरें नव्हे. आजीबाईंनीं आम्हांस क्षमा करावी; पण पेढे वाटावयाचेच, तर ते अध्यक्षपदापेक्षां त्या चादरीच्या पत्रावर अधिक शोभले असते.

चादर बदलणें हें हलकें काम, ही समजूत आपल्याकडे आली कोठून? शास्त्रांतून तर खास नव्हे. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकास सेवेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता हे चार गुण पाहिजेत, असें तेथें म्हटलें आहे. चार पायांपैकीं एक पाय आपणच आंखूड करून ठेवला आणि वर चौरंग डगमगतो म्हणून तक्रार करीत बसलों. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें. घरंदाज विधवेनें परक्या माणसाच्या खाटेशीं उभें राहणें समाजास सोसत नव्हतें, अशा त्या काळीं सेवासदनानें बायकांस ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास पाठविलें. लोकनिंदा पत्करून त्या ज्या वाटेनें गेल्या, तीच वाट आज आपल्या नातीला नको म्हणावयाची काय?

आणि न्यू जर्सीचें म्हणाल, तर त्या भूमीशीं आपलें नातें या मुलीच्या वडिलांपासून सुरू झालेलें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस आपल्या घरीं मुलीप्रमाणें ठेवून घेतलें. चेरी हिल हें फिलाडेल्फियाच्या शेजारचें गांव, मध्यें डेलावेअर नदी. त्याच फिलाडेल्फियांत १८८६ च्या मार्चांत आनंदीबाई डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें, त्या दुःखानें त्यांस या विद्येकडे वळविलें होतें. पदवी मिळाली, ती रोग्यांच्या कामीं लावावयास आयुष्य मात्र उरलें नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, त्या पुण्यांत वारल्या. आनंदीबाईंची आठवण आपण पदवीसाठीं काढतों. त्यांनीं ती पदवी कशासाठीं मिळविली, हें विसरतों.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे वडील अर्धांगवायूनें खाटेस खिळले. घरांत पदवीधर चौघे, वादविवादांत बक्षिसें मिळविलेले दोघे. पण त्यांची कूस बदलावी कशी, हें एकालाही ठाऊक नव्हतें. दोन आठवड्यांत पाठीस व्रण पडले. तेव्हां एका परिचारिकाबाईंस घरीं बोलाविलें. त्यांनीं प्रथम हात धुतले, वडिलांस आपलें नांव सांगितलें आणि आपण काय करणार तें सांगितलें. त्यांस ऐकूं येतें, हें आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांतही राहिलें नव्हतें. मग चादरीची घडी अंगाखालीं सरकवून दोघांनीं मिळून कसें वळवावें, तें दाखविलें. दर दोन तासांची पाळी भिंतीवर लिहून लाविली. थोरल्या बंधूंस पहाटेची पाळी दिली, सूनबाईंस जेवूं घालण्याची, अकरा वर्षांच्या पुतण्यास घड्याळ पाहून हांक मारण्याची. कोणी कुरकुरलें नाहीं. वडील त्यानंतर चार महिने जगले आणि त्यांचे व्रण भरून आले. त्या चार महिन्यांत आमच्या घरांतला पुढारी कोण होता, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.

तर आजीबाई, आपण नातीच्या बाजूनें बोलावें, असें आमचें मत आहे. चिरंजीवांस कळवावें कीं, अमेरिकेंत नोंदणीकृत परिचारिका होण्यास दोन ते चार वर्षांचें शिक्षण आणि त्यानंतर परवान्याची परीक्षा लागते; आणखी शिकल्यास औषधें लिहून देण्याचाही अधिकार मिळतो. तेथें बुद्धीचें चीज होत नाहीं, ही भीति व्यर्थ आहे. उद्यां तिचें मन बदलून ती डॉक्टर झाली, तरी आज शिकलेलें वायां जाणार नाहीं. खाटेशीं वांकावयास शिकलेला डॉक्टर कोणत्या रोग्यास नको असतो? मात्र तिलाही एक गोष्ट विचारावी: पदाची मुदत संपल्यावर, कोट उतरल्यावर, ती शनिवारीं तेथें जाणार काय? याचें उत्तर ‘होय’ असेल, तर तिची निवड खरी.

छायाचित्र आहे तेथेंच असूं द्यावें. आणि पुढल्या पत्रांत तिला लिहावें कीं, बाळ, ती चादर कशी बदलतात, तें पायरीपायरीनें मला नीट लिहून पाठीव. आपल्या घरींही म्हातारीं माणसें आहेत.