नितळ पाणी आणि आपला जीव

बंगल्यातील पोहण्याच्या तलावावर कामाला असलेल्या बांधवांनो, आपोआप फिरणारे यंत्र तळाचा गाळ, पालापाचोळा ओढते. फिल्टरमधील वाळू बारीक मळ अडवते. पण जंतू मरतात ते क्लोरीनमुळेच. म्हणून पाणी नितळ दिसले तरी रोज तपासा. क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८ हवा. फिल्टरवरील दाबाचा काटा चढला की पाणी उलटे सोडून वाळू धुवा.

महत्त्वाचे म्हणजे क्लोरीनची पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, दोन्हींसाठी एकच मग वापरू नका. विषारी वायू निघतो. पावडर पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा मालकाकडून मागून घ्या. ते मागण्यात संकोच कसला? तो आपला हक्कच आहे.