विश्लेषण : प्रोसेसरला जादा व्होल्टेज का बाधते?

ओव्हरक्लॉकिंग करणारा हौशी वापरकर्ता प्रोसेसरचे व्होल्टेज स्वतः वाढवतो आणि धोकाही स्वतः पत्करतो. मात्र इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरबाबत एकही सेटिंग न बदललेल्या ग्राहकांना हा फटका बसला.

नेमके काय घडले?
या दोन पिढ्या अनुक्रमे ऑक्टोबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आल्या. पुढे गेम मध्येच बंद पडणे, संगणक गोठणे अशा तक्रारी वाढल्या. ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा संदेश येत असल्याने अनेकांचा संशय ग्राफिक्स कार्डवर गेला. अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने खुलासा केला, की मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता.

जास्त व्होल्टेज घातक का?
वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टरना पुरेसे व्होल्टेज द्यावे लागते. ते कमी पडले तर आकडेमोड चुकते आणि संगणक बंद पडतो. पण वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास वीजवापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. त्यातून उष्णता वाढते आणि चिपची झीज होते. झिजलेल्या चिपला त्याच वेगासाठी आणखी व्होल्टेज लागते. हे दुष्टचक्र थांबत नाही.

मदरबोर्डचा संबंध काय?
कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरसाठी इंटेलची कमाल वीजमर्यादा २५३ वॉट आहे. मात्र वेगाच्या स्पर्धेत अनेक मदरबोर्डवर ही मर्यादा मुळातच सैल ठेवलेली होती. इंटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये जी कारणे दिली, त्यात अशा सेटिंग्जचाही समावेश होता.

उपाय कोणता?
ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत मर्यादित केली. सप्टेंबरमध्ये आणखी एक सुधारणा आली. दोन्ही बायोस अपडेटमधून मिळतात. मात्र झालेली झीज त्याने भरून निघत नाही. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. त्यामुळे अपडेटनंतरही संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसर बदलून मागणे हाच मार्ग उरतो.

ओव्हरक्लॉकिंग करताना काय पाहावे?
आधी बायोस अद्ययावत करावे. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून निर्धास्त राहू नये. वेग थोडा-थोडा वाढवून प्रत्येक टप्प्यावर ताणचाचणी घ्यावी आणि संगणक स्थिर राहील इतकेच व्होल्टेज द्यावे. केवळ तापमानावर विसंबणे चुकीचे ठरेल. संगणक रिकामा असताना किंवा हलके काम करताना तापमान कमी दिसते, पण इंटेलच्या प्रकरणात नेमक्या याच वेळी व्होल्टेज चढत होते. शे-दोनशे मेगाहर्ट्झच्या वाढीसाठी हजारो रुपयांच्या प्रोसेसरचे आयुष्य पणाला लावायचे का, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. मदरबोर्ड तो निर्णय परस्पर घेत नाही ना, हे तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.