सावली गेली कुठे?

दरवर्षी २४ एप्रिलच्या सुमारास बंगळुरूत एक गंमत घडते. भरदुपारी, सव्वाबाराच्या सुमारास, उन्हात ठेवलेल्या डब्याची सावली काही क्षण दिसेनाशी होते. या दिवसाला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात.

असे का होते? पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवती फिरताना हा कल एकाच दिशेला राहतो. २०-२१ मार्चला दिवस-रात्र जवळपास समान असतात. त्या वेळी सूर्य विषुववृत्तावर बरोबर माथ्यावर येतो. मग तो रोज थोडा उत्तरेकडे सरकताना दिसतो. बंगळुरू तेरा अंश उत्तरेला, म्हणून तेथे पोहोचायला त्याला महिनाभर लागतो. पुण्यात तो मेच्या मध्यावर येतो, २१ जूनच्या सुमारास कर्कवृत्तावरून मागे फिरतो आणि १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा बंगळुरूच्या माथ्यावर येतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, त्यामुळे तेथे दुपारची सावली कधीच नाहीशी होत नाही.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला! ऊन तापते ते किरण सरळ पडल्यामुळे. तरीही बंगळुरूत ऑगस्ट एप्रिलसारखा तापत नाही, कारण तेव्हा पावसाळी ढग आड येतात.

मुलांना सुट्टी लागली की एक सरळ उभा डबा गच्चीवर ठेवा. भूगोलाचा धडा आपोआप समजेल.